आगळाची चादर आणि माहेरची वही

'ताई, मी चौतीस वर्षांची. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग पोस्ट बेसिक बीएस्सी. नऊ वर्षांच्या नोकरीतली सात लेबर रूममध्ये गेली. आमच्याकडे ट्रेनिंगच्या मुली येतात, त्यांना शिकवताना रात्र कधी सरली ते कळत नाही. आता वाटतं मिडवायफरीच, म्हणजे प्रसाविकेची विद्याच, शिकवावी, आणि जमलं तर संशोधनही करावं. मुंबई-विरारहून सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या पहिलटकरणी आमच्याकडे येतात. कागद तिकडेच राहिलेले असतात. एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) किती होतं, बीपी कधी वाढलं, काही कळत नाही. यावर कोणीतरी काम करायला हवं असं मी डॉक्टरांपाशी बोलले, तर ते हसले. म्हणाले, सिस्टर, तुम्ही आधी रजिस्टर पुरं करा. मैत्रिणी म्हणतात, शिकवायला गेलीस की हातातलं काम जाईल. मिस्टरांची होडी आहे, मुलगी सहा वर्षांची. सासूबाई म्हणतात, "आता ह्या वयात तू शाळेत जातलंस?" बहीण आयर्लंडला ये म्हणते. एनपीएम हा प्रसाविकेचा कोर्स करू, एमएस्सी करू, सार्वजनिक आरोग्याचं एमपीएच करू, की आहे तिथेच बरी?
— लेबर रूममधली एक सिस्टर'

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेस एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली: 'कागद तिकडेच राहिलेले असतात.' तू विचारलेल्या सगळ्याचं उत्तर देते, पण त्या वाक्याकडे मला सावकाश येऊ दे. तुझं पुढच्या कित्येक वर्षांचं काम त्यात आहे.

आधी हातातलं काम जाण्याबद्दल. तुझ्या मैत्रिणी म्हणतात ते अगदीच खोटं नाही. हातात खडू आल्यावर लेबर रूमचं दार न उघडणाऱ्या पाठ्यनिर्देशिका (नर्सिंगच्या शिक्षिका) मी पाहिल्या आहेत. त्यांचा हात खरंच गेला. मी स्वतः तीस वर्षांच्या वर मिडवायफरी शिकवली आणि शेवटच्या वर्षापर्यंत आठवड्यातल्या दोन रात्री मुलींबरोबर टेबलाशी उभी राहिले. तसा काही नियम नव्हता. एका रात्रीमुळे ती सवय लागली.

मी नवीन पाठ्यनिर्देशिका होते, पहिलाच पावसाळा. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. मासे विकणाऱ्या घरातली बाई, तिसरं बाळंतपण. मूल रडलं, वार पडली, सगळं सुखरूप झालं असं वाटलं. मी विद्यार्थिनीला विचारलं, 'किती गेलं?' ती म्हणाली, 'थोडंच मॅडम, नेहमीसारखं.' मीही एक नजर टाकली आणि मान हलवली. रजिस्टरात 'रक्तस्राव बेताचा' असं लिहिलं गेलं, खाली सही माझी. बाईच्या अंगाखाली घरून आणलेली जाड गोधडी होती. वीसेक मिनिटांनी ती म्हणाली, 'बाय, तहान लागली गो.' मी पाणी द्यायला वाकले आणि सहज मनगट धरलं. नाडी दोऱ्यासारखी लागत होती. गोधडी उचलायला गेलो तर ती मावशींना दोन हातांनी पेलवेना, इतकी भिजून जड झालेली. जीप काढून, घाट चढून तिला वर नेलं. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली. 'बेताचा' हा शब्द मी त्यानंतर कधी लिहिला नाही आणि कुणाला लिहू दिला नाही.

त्या आठवड्यात हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून मी कोकमाचं आगळ मागून आणलं. पाणी घालून रंग जुळवला. बरोबर अर्धा लिटर मोजून घेतलं, कारण साध्या बाळंतपणात तेवढं रक्त गेलं की पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, धरायचा, हे मुलींना पाठ होतं. जुनी चादर दुमडून टेबलावर टाकली, दोन पॅड ठेवले, मुलींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि ते ओतलं. मग वळायला सांगितलं. 'किती गेलं ते चिठ्ठीवर लिहा. शेजारणीचं बघायचं नाही.' बावीस मुली होत्या. कुणी दीडशे लिहिलं, कुणी दोनशे, एकीनं ऐंशी. अर्धा लिटरच्या जवळ एकच चिठ्ठी आली, साडेचारशेची. त्या मुलीच्या घरी दुधाचा रतीब होता. लहानपणापासून ती मापानं दूध घालत आली होती, तिच्या डोळ्यांत माप बसलं होतं.

पुढे प्रत्येक बॅचला मी हा प्रयोग केला. कधी गोधडीवर ओतायचं, कधी फरशीवर, कधी बादलीत. फरशीवर पसरलं की मुली जास्त सांगत, कापडात मुरलं की निम्म्याच्याही खाली येत. चिठ्ठ्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत होते. चारपाचशे तरी झाल्या असतील. बदली झाली तेव्हा सामान आवरताना तो डबा मी रद्दीत घातला.

आता पुढचं ऐक. बेळगाव आपल्याला काही परकं नाही, आंबोली चढलं की आलंच. त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर झालेला एक अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळंतपणानंतर काहींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. औषध मिळालेल्या बायकांत पीपीएचचं प्रमाण ६.४ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १२ टक्के. गोळ्या दिल्या कोणी? एएनएमनी, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सताईंनी. रक्त मोजायला बाईच्या अंगाखाली प्लॅस्टिकची चादर होती, खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. त्याच मंडळींनी नजरेचा अंदाज आणि पिशवीतलं माप शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर नजर साधारण एकतृतीयांशानं कमी सांगत होती. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या बिस्किटाच्या डब्यासाठी रडले.

तशा मापाच्या चादरी पुढे आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांतला, दोन लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रक्त मापानं मोजायचं, आणि जास्त दिसलं की पोटावरून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ही रक्त थांबवायची औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एकाचा गुण येतो का म्हणून वाट बघत बसायचं नाही. एवढं केल्यावर एक लिटरवर रक्त जाणं, त्यापायी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू येणं, यांचं एकत्र प्रमाण ६० टक्क्यांनी खाली आलं. एवढ्या मोठ्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न तुझ्यामाझ्या टेबलावरचाच आहे: किती गेलं?

म्हणून त्या डॉक्टरांचं हसणं मनाला लावून घेऊ नकोस. 'रजिस्टर पुरं करा' हे त्यांनी टोचून म्हटलं असेल, पण काम तिथूनच सुरू होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरोघर जाऊन बाळांची वजनं केली, श्वास मोजले, लिहून ठेवलं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली जगानं वाचलं. आज तुमची आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चौदाव्या दिवशी जाते, ती त्याच कामाची पुढची पायरी आहे. जेमतेम शिकलेल्या बायकांच्या नोंदींवर देशाचा कार्यक्रम उभा राहू शकतो, तर सात वर्षं लेबर रूम चालवणाऱ्या बीएस्सी सिस्टरला कसला संकोच?

माझ्या मनावर एक ओझं आहे, ते तुला सांगते, कारण तू शिकवायला जाणार आहेस. पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा आलेख, शिकवताना मी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना सांगितलं की चार सेंटिमीटरनंतर पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं पाहिजे, रेघ ओलांडली की रेफर. हा हिशेब आला कुठून, हे मी कधी विचारलं नाही. तो अमेरिकेतल्या फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली ५०० पहिलटकरणींच्या कळांचे आलेख काढले, तिथपर्यंत मागे जातो. मी निवृत्त झाल्यावर, २०१८ साली, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की खऱ्या कळांची सुरुवात पाच सेंटिमीटरपासून धरावी, आणि आई-बाळ ठीक असतील तर तासाला एकची सक्ती प्रत्येकीला लावू नये. माझ्या शब्दाखातर किती जणींना रात्री ॲम्ब्युलन्समध्ये घालून वळणावळणाच्या रस्त्यानं पाठवलं असेल? त्यातल्या काही इथल्या इथेच सुटल्या असत्या. माझ्या हाताखालच्या मुली आता स्वतः शिकवतात, आणि त्यांच्यातल्या काही अजून तेच शिकवत असतील. शिकवणाऱ्या बाईनं वाचत राहायचं ते यासाठी. नोकरीच्या पहिल्या वर्षी काढलेल्या नोट्स पिवळ्या पडेपर्यंत वापरणारी शिक्षिका होऊ नकोस.

आणि हेही मनात येतं की आपल्या बायकांच्या कळा कोणी मोजल्या आहेत? भातलावणीत आठव्या महिन्यापर्यंत वाकून काम केलेल्या बाईच्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईच्या? डेरवणला गरोदर बायकांचा आणि वाढत्या वयाच्या मुलींचा दीर्घ अभ्यास झाला आहे, तो कोकणातला म्हणून आवर्जून शोधून वाच. असं काम आपल्याकडे अजून पुष्कळ व्हायला हवं.

आता तुझं वाक्य.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ओटी भरली की मुलगी तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसते आणि गावी येते. सहा-सात महिने जिनं तिला तपासलं ती सिस्टर विरारला राहिली, शेवटचे दोन महिने तपासणार तू. पहिलटकरणींमध्ये बीपी वाढण्याचा धोका मुळात जास्त, आणि तो वाढतो तो गरोदरपणाच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमका या मधल्या काळात. रक्त कमी असण्याची गोष्ट तर वेगळी सांगायला नको, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. मिडवायफरी म्हणजे काय, तर एकाच बाईनं, किंवा एकमेकींना ओळखणाऱ्या दोघी-तिघींनी, पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत सोबत राहणं. जगभरात प्रसाविकांच्या कामाचा गुण दिसला आहे तो बराचसा या सोबतीमुळे. आपली रीत प्रेमाची आहे, ती मोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण ती ही सोबत मध्येच तोडते, आणि तुटलेली दोन टोकं कशी जोडायची हे लेबर रूममध्ये उभी असलेली बाईच सांगू शकेल.

तर दोनशे पानी वही घे. माहेरी आलेल्या प्रत्येक पहिलटकरणीसाठी एक ओळ. कितव्या आठवड्यात आली, तिकडचं एमसीपी (माता-बाल संरक्षण) कार्ड हातात होतं का, आरसीएच नंबर (सरकारी नोंदणीतला तिचा क्रमांक) सांगता आला का, शेवटचं एचबी आणि बीपी त्यावर होतं का, आपल्याकडे पहिल्या तपासणीत किती निघालं, बाळंतपण कसं झालं, रेफर केली का, बाळाचं वजन. एवढे रकाने पुरेत. जास्त आखलेस तर तिसऱ्या नाइट ड्युटीला वही बंद पडेल. शेजारच्या पानावर इथेच सासर असलेल्या पहिलटकरणींची तशीच ओळ घाल, कारण तुलना नसेल तर आकडा काही बोलत नाही.

मृत्यू मोजायच्या मागे लागू नकोस. २०१८-२०च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. तुझ्या रुग्णालयात वर्षानुवर्षं एकही नसेल, आणि तसंच राहो. मोजायच्या त्या मरता मरता वाचलेल्या बायका: झटके आलेली, चार पिशव्या रक्त लागलेली, ॲम्ब्युलन्समध्ये बाळंत झालेली. त्यांची नोंद कुठल्याच मासिक अहवालात धड होत नाही, आणि सगळ्यात जास्त शिकवतात त्याच.

एक गोष्ट मात्र काटेकोर पाळ. रोजच्या कामासाठी नोंद ठेवणं वेगळं आणि तीच नोंद अभ्यास म्हणून मांडणं वेगळं. अभ्यास म्हणायचं तर वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी हवी आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आधी हवी. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती वाच. वहीत नाव, गाव, फोन घालायचं नाही, क्रमांक घालायचा. छोट्या गावात 'बंदरावरची, जुळी झालेली' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. कमिटी कुठून आणायची म्हणशील, तर आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत सरकारी मेडिकल कॉलेजं आली आहेत. तिथल्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात जा, प्रश्न दोन पानांत लिहून ने. त्यांनाही गावातली माहिती हवी असते आणि ती तुझ्याकडे आहे. मात्र पहिल्याच भेटीत विचारून घे की लेखात नाव कुणाकुणाचं येणार. माहिती गोळा करणाऱ्या सिस्टरचं नाव शेवटच्या आभाराच्या ओळीत ढकललेलं मी फार पाहिलं आहे. तुला ते सोसायचं नाही.

आणखी एक गोष्ट सुचते. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येऊन राहतात. त्यातल्या गरोदर बाईची तपासणी कुठे होते, ती मार्चमध्ये बाळंत झाली तर बाळाचे डोस कोण देतं? हे माझ्या फार मनात होतं, माझ्याकडून झालं नाही. पहिली वही मार्गी लागली की याकडे बघ.

आता कोर्स. तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी एनपीएम, मग एमएस्सी. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हा दीड वर्षाचा निवासी कोर्स केंद्र सरकारनं २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमधून आणला. नोंदणी झालेली, बाळंतपणाचा अनुभव असलेली नर्स त्यासाठी चालते. योजनेची रचनाच अशी की आधी शिकवणाऱ्या तयार करायच्या आणि त्यांनी राज्यातल्या प्रसाविका घडवायच्या. म्हणजे तुला जे व्हायचं आहे तेच. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलनं तेलंगण सरकारबरोबर हे काम त्याच्याही आधी सुरू केलं होतं; जमलं तर दोन दिवस जाऊन बघून ये. सिस्टर बाळंतपण सांभाळतात आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतात, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. तू सरकारी सेवेत आहेस, तेव्हा नोकरी सोडायची भाषा करू नकोस. राज्यात निवड कधी आणि कशी होते ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचार, अर्जाची पोच घे, आणि प्रतिनियुक्ती, पगार, बॉण्ड हे तिन्ही कागदावर बघितल्याशिवाय होकार देऊ नकोस.

कॉलेजात शिकवायचं तर एमएस्सी नर्सिंग टळत नाही. दोन वर्षं, विषय ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी. पोस्ट बेसिकला ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. अनुभव तुझ्याकडे आहे, गुणपत्रिका काढून टक्के बघ. त्यात प्रबंध लिहावा लागतो. पुष्कळ मुली शेवटच्या घाईत 'मातांच्या ज्ञानावर माहितीपत्रकाचा परिणाम' असलं काहीतरी उरकतात. तुझी वही तयार असेल तर तुला विषय शोधत फिरावं लागणार नाही. एमपीएचला डॉक्टरच असावं लागतं असं नाही, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते करता येतं. पण तुझं पत्र वाचून तरी मला वाटतं की तुझा जीव वर्गात आणि टेबलाशी आहे. एमपीएच नंतर, वाटलं तर.

तोवर मोबाइलवर एक करता येईल. आयसीएमआरची चेन्नईची एपिडेमिऑलॉजी संस्था 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर चालवते. शिकायला फी नाही, परीक्षा द्यायची तरच पैसे. इंग्रजी सोपं आहे. प्रश्न कसा मांडायचा, नमुना किती घ्यायचा, हे त्यातून नीट समजेल.

नोकरीसाठी कॉलेज निवडायची वेळ आली तर इमारत बघू नकोस. लेबर रूम कुठे आहे ते विचार आणि रात्री जाऊन बघ. मागच्या महिन्यात किती बाळंतपणं झाली आणि त्यातली विद्यार्थिनींच्या हातून किती? एका ठिकाणी मी तपासणीला गेले होते, तिथल्या मुलींच्या लॉगबुकात सगळ्या सह्या होत्या आणि एकीनंही बाळाचं डोकं हातात घेतलेलं नव्हतं. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या बाहुलीवर, पाठ झालेल्या त्या मुली पुढच्या वर्षी कुठल्यातरी उपकेंद्रावर एकट्या असणार होत्या. अशा जागी पगार बरा असला तरी जाऊ नकोस.

आणि वर्गात काय शिकवशील त्याबद्दल एकच मागणं. बोलणं शिकव. 'तेव्हा नाही ओरडलीस' हे वाक्य मी लेबर रूममध्ये ऐकलं आहे, तूही ऐकलं असशील, आणि ज्या बाईला ते ऐकावं लागतं ती ते मरेपर्यंत विसरत नाही. मुली पुस्तकातून बोलणं उचलत नाहीत. रात्री दोन वाजता, पाय दुखत असताना तू कशी बोलतेस ते त्या उचलतात.

आयर्लंडचं थोडक्यात. जावंसं वाटलं तर जा, त्यात वाईट काही नाही. फक्त एवढं ठाऊक असू दे की तिकडे नर्स आणि मिडवाइफ या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. आपल्याकडे एकाच कागदावर दोन्ही मिळतं, तिकडे तुला बहुधा नर्स म्हणून घेतील आणि लेबर रूम हातची जाईल. बहिणीला नीट विचार, ती कुठल्या वॉर्डात आहे ते.

घरचं तू फक्त दोन ओळींत लिहिलंस, म्हणून तेच जास्त जड असणार असं मी धरते. मुलगी सहा वर्षांची म्हणजे आईला आठवडाभर न बघता राहणं तिला कठीण जाईल, पण पोरगी समजूतदार वयाला आली आहे. निवासी कोर्सच्या दीड वर्षात एक पूर्ण जून-जुलै नक्की येतो. मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, मिस्टर घरी. दुसराही जमेल असं बघून निघायची तारीख ठरव. ते दोन महिने डबा, शाळा, अभ्यास त्यांनी बघायचा, हे आत्ताच बोलून ठेव. उपकार म्हणून मागू नकोस. तू नाइट ड्युट्या करून होडीचे हप्ते भरले असतीलच. सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना एकदा विचार, त्यांच्या वेळी वैजीण (सुईण) कोण होती, ती काय करायची, त्यांची बाळंतपणं कशी झाली. निवांत बसून विचार आणि सगळं ऐकून घे. मी माझ्या सासूला हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या गेलेल्या पहिल्या मुलाबद्दल मला लग्नानंतर बावीस वर्षांनी कळलं. त्यानंतर तिनं माझ्या नाइट ड्युटीबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही.

गणपतीला माहेरवाशिणींनी घरं भरतील आणि तुमच्या ओपीडीतही नवीन चेहरे दिसतील. वही त्याच्या आधी आखून ठेव, परवानगीचा अर्ज या आठवड्यातच दे. चाळीस ओळी झाल्या की मला लिही, नावं न घालता. त्यांचा तक्ता कसा मांडायचा ते आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
ताई